सात कप कॉफी आणि हरवलेले सासरे

सासरे हरवणं ही काही फार अवघड गोष्ट नाही. मी ते एका सकाळीत, स्वतःच्याच स्वयंपाकघरात, कॉफी करता करता जमवलं.

माझी बायको शुभांगी रेणापूरची. तिच्या आईचं माहेर पार भालकीकडं, म्हणजे कर्नाटकात. त्यामुळं त्यांच्या घरी सकाळी कॉफी असायची. आमच्या नांदेडच्या घरी मात्र चहा. आणि चहा म्हणजे कसा, तर पातेलं एकदा गॅसवर चढलं की त्याचा रंग डांबराच्या जवळपास जाईपर्यंत कुणी बटनाला हात लावायचा नाही! लग्नानंतर पहिल्याच सकाळी माझ्या आईनं विचारलं, "तुला चहा कसा लागतो गं?" नवी सून नम्रपणे म्हणाली, "तुमचा असतो तसाच, आई." झालं! त्या एका वाक्यावर ती चोवीस वर्षं आमचं डांबर पीत आली.

मला हे कळायला चोवीस वर्षं लागली, हे मी अभिमानानं सांगत नाही. यंदा लातूरला एका नातेवाइकांकडं गेलो होतो. तिथं कॉफी आली. शुभानं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. माझ्याकडं बघून तिनं असे डोळे मिटल्याचं मला आठवत नाही. (रागानं मिटलेले धरायचे नाहीत.)

"तुला कॉफी आवडते?" मी विचारलं.

"आवडायची," ती म्हणाली आणि कप खाली ठेवला.

त्या 'आवडायची'तला भूतकाळ मला नांदेड येईपर्यंत टोचत राहिला. अहमदपूरच्या आसपास मी मनाशी ठरवून टाकलं की घरात कॉफीचं यंत्र आणायचं आणि शुभाला रोज सकाळी डोळे मिटायला लावायचे.

आता मी मेकॅनिकलचा प्राध्यापक. वर्षानुवर्षं पोरांना बॉयलर शिकवतो. वाफ, दाब, तापमान ही माझी घरची माणसं. कॉफी म्हणजे असं काय मोठं? गरम पाणी भुकटीतून जाऊ द्यायचं, एवढंच! म्हणून मी अगदी शास्त्रशुद्ध सुरुवात केली. महिनाभर व्हिडिओ पाहिले. एक दाढीवाला तरुण सांगायचा, कॉफी प्यावी तर फ्रेंच प्रेसची, म्हणजे काचेच्या भांड्यात पूड भिजवून वरून जाळीचा दट्ट्या दाबायचा. दुसरा दाढीवाला म्हणायचा, छे, मोका पॉटच खरा! हा मोका पॉट म्हणजे दुमजली किटली. खालच्या मजल्यावर पाणी, मधे पूड. गॅसवर ठेवली की वाफ पाण्याला वरच्या मजल्यावर ढकलते. तिसऱ्याच्या मते विजेच्या मशीनशिवाय तोंडाला लावू नये. तिघांच्या दाढ्या सारख्याच भरघोस असल्यामुळं कुणावर विश्वास ठेवावा ते कळेना. शेवटी मी पहिली दोन यंत्रं मागवली, तिसरं कॉलेजातल्या देशपांडे सरांकडून चार दिवसांसाठी उसनं आणलं आणि तिन्ही कपाटात चादरींमागं लपवली.

संधीही चालून आली. शुभा शाळेत शिकवते. तिचं चार दिवसांचं प्रशिक्षण लातूरला लागलं. अडचण एकच होती, मामा.

मामा म्हणजे माझे सासरे. वय शहात्तर. शेत बटईनं दिलेलं, मामी गेल्यापासून रेणापुरात एकटेच राहतात. पाच दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला झालं होतं म्हणून आमच्याकडं होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, त्यावर दवाखान्यातला काळाकुट्ट चष्मा, आणि दिवसभरात मोजून दहा-बारा शब्द. शुभा निघताना फ्रिजवर कागद चिकटवून गेली. थेंब वेळेवर टाकायचे. वाकू द्यायचं नाही. धुळीत जाऊ द्यायचं नाही. आणि खाली लाल शाईनं, वडिलांबद्दल: 'दादांना एकट्याला बाहेर सोडायचं नाही.'

"अहो, लक्ष राहील ना?" तिनं दारातून तिसऱ्यांदा विचारलं.

"अगं, मी सत्तर पोरं सांभाळतो!"

"ती पोरं तुमच्या तासाला नसतात," असं म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळा मांडली. मामांना खुर्चीत बसवलं, परीक्षक म्हणून. कॉफीच्या बिया मिक्सरमध्ये दळल्या. पहिला कप फ्रेंच प्रेसचा. मामांनी बशीत ओतला, एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडात ठेवला.

"कशी झालीय, मामा?"

"लसूण चांगला लागलाय."

त्या मिक्सरमध्ये आदल्या दिवशी जवसाची चटणी झाली होती! मी भांडं तीनदा धुतलं, पुन्हा बिया दळल्या, पुन्हा दट्ट्या दाबला, आणि ह्या खेपेला जरा आत्मविश्वासानं दाबला. कॉफी भांड्याच्या चोचीतून उसळली ती थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर. पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंतचा सगळा पंधरवडा तपकिरी झाला. भांड्यात उरली ती मामांना दिली. ते प्याले.

"न्हाई," ते म्हणाले. "ही न्हाई."

"ही नाही म्हणजे?"

मामांनी रिकामी बशी पुढं सरकवली. त्यांचे सकाळचे शब्द बहुतेक संपले होते.

मग मी पूड कमी करून पाहिली, जास्त करून पाहिली, जाड दळून पाहिली. तिसरा कप, चौथा कप. प्रत्येक वेळी एक घोट, एक विचार आणि "ही न्हाई". पण नापसंत कपही ते बाजूला सारत नव्हते. शेतात राबलेला माणूस, दूध-साखर घातलेली वस्तू मोरीत ओतू देईल होय? शेवटच्या थेंबापर्यंत पीत होते. माझं तिकडं लक्षच नव्हतं.

"मामा, जरा कळ काढा," मी म्हणालो. "शुभासाठी करायलोय. आमच्या घरात येऊन चोवीस वर्षं चहाच पितेय बिचारी. कधी बोललीसुद्धा नाही."

मामांनी बशी खाली ठेवली. काळ्या चष्म्यातून माझ्याकडं बघत राहिले. नंतर चौथा कप उचलला आणि एका दमात संपवला.

पाचवा मोका पॉटचा. मी पूड मैद्यासारखी बारीक दळली आणि बोटानं गच्च दाबून भरली. (असं करू नये, असं तिन्ही दाढीवाल्यांनी सांगितलं होतं.) किटली गॅसवर ठेवली. वाट पाहिली. वर काही येईना. किटली गुरगुरायला लागली, मग थरथरायला लागली, आणि एकदम तिच्या बाजूच्या व्हॉल्व्हमधून शिट्टी मारत वाफेची पिचकारी सुटली! मी, बॉयलरचा प्राध्यापक, सेफ्टी व्हॉल्व्हवर दर वर्षी तीन तास व्याख्यान देणारा, फ्रिजच्या मागं जाऊन बसलो होतो. मामा शांतपणे उठले, पिचकारीला वळसा घालून गॅसपर्यंत गेले आणि बटन बंद केलं.

"दाब लई झाला का त्याला वाट द्यावं लागती," ते म्हणाले. "पंपाचं बी तसंच हाय."

माझ्या तीन तासांच्या व्याख्यानात ह्याहून जास्त काही नसतं.

पाचवा कप उरल्यासुरल्या पाण्याचा झाला, सहावा पूड सैल भरून. दोन्ही "ही न्हाई". सातव्याला देशपांडे सरांचं मशीन लावलं. त्यातून अर्धा कप आला आणि घरातली वीज गेली. मी खाली मीटरच्या पेटीशी धावणार, तेवढ्यात मामांनी विचारलं, "किल्ली कुणाकडं हाय?"

"कशाची?"

"रेणापूरच्या घराची."

"शुभाच्या पर्समध्ये असेल," म्हणत मी जिना उतरलो. खाली मी घाईघाईत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची वीज घालवली, त्यांच्या वॉशिंग मशीनमधल्या अर्धवट भिजलेल्या कपड्यांबद्दल त्यांचं ऐकून घेतलं, मग त्यांची आणली, मग आमची आणली. यात अर्धा तास गेला.

वर आलो तर ओट्यावर सात कप, सगळे रिकामे. मामांच्या चपला नाहीत. पिशवी नाही. छत्री नाही. मोबाइल मात्र चार्जिंगला तसाच.

सात कप कॉफी! शहात्तर वर्षांचा माणूस, ऑपरेशन झालेला डोळा आणि बाहेर ऊन, धूळ, ट्रक! मी देवळात बघितलं, न्हाव्याकडं बघितलं, बागेत बघितलं. शुभाला फोन करावा असं एकदा मनात आलं. मी तो विचार लगेच हाकलून दिला.

शेवटी कोपऱ्यावरचे रिक्षावाले शकीलभाई भेटले. "सर, काले चष्मेवाले चाचा? उनकू तो मैंच बस स्टँडपे छोड्या."

"कुठं जातो म्हणाले?"

"लातूर. पर क्या बात करते वो, सर! बापरे! सोयाबीन, नहर, उनकी घरवाली, घरवालीके माहेरका कुआं... मेरेकू बोलनेच नै दिये!"

आमचे मामा? बोलले? कॉफीनं नक्की काय केलं असेल ह्याच्या कल्पनेनं मला घाम फुटला. बस स्टँडवर कळलं की लातूरची गाडी दहालाच गेली. मी गाडी काढली आणि सुटलो. वाटेत प्रत्येक थांब्यावर काळा चष्मा शोधत होतो. लोहा गेलं. अहमदपूर गेलं. मामा नाहीत. चाकूरला एका हॉटेलापाशी चौकशी करायला उतरलो आणि फोन वाजला. शुभा!

"अहो, दादांना थेंब टाकले का?"

"टाकले ना! वेळेवर," मी म्हणालो. (एक.)

"जेवले का?"

"वरण-भात. दोनदा घेतला." (दोन.)

"काय करायलेत आता?"

"झोपलेत. गाढ." (तीन.)

"एवढ्या लवकर?"

इथं शहाणा माणूस थांबला असता. पण खोटं बोलायला एकदा हात बसला की माणूस कलावंत होतो. "अगं, घोरायलेत! थांब, ऐकवतो तुला," असं म्हणून मी फोन जरा लांब धरला आणि भर रस्त्यात, हॉटेलातल्या दहा-बारा गिऱ्हाइकांसमोर, डोळे मिटून घोरलो. चांगला दोन वेळा घोरलो. एका गिऱ्हाइकाच्या हातातलं भजं तोंडाशी थांबलं.

पलीकडं खुडबुड झाली, फोन दुसऱ्या हातात गेला. मग मामांचा आवाज आला.

"जावईबापू, मी घोरत न्हाई."

लातूरला पोचलो तेव्हा दोघं प्रशिक्षणाच्या इमारतीबाहेर कडुलिंबाखाली बसले होते. मामांच्या मांडीवर फुलांचा गुच्छ होता. गुच्छाचा उलगडा नंतर झाला. पांढऱ्या धोतरात आणि काळ्या चष्म्यात मामा सभागृहाच्या दारात उभे राहिले तेव्हा बोलणाऱ्या बाईंना वाटलं, कुणी पुढारी आले! त्या "या साहेब, या" म्हणाल्या, पन्नास शिक्षक उठून उभे राहिले, मामांना पहिल्या रांगेत बसवून गुच्छ दिला आणि दोन शब्द बोलायची विनंती केली. मामा (आत सात कप!) चांगली दहा मिनिटं बोलले. विषय होता पोरांना मारू नका. शुभा म्हणते, चार दिवसांत टाळ्या तेवढ्याच भाषणाला पडल्या.

पण हे तिनं नंतर सांगितलं. त्या वेळी ती माझ्याकडं पाठ करून बसली होती.

"डोळा कसा आहे, मामा?" मी भीत भीत विचारलं.

"थेंब टाकलो की. बाटली पिशवीत घेतलती. बसमधी एक पोरगी व्हती नर्सिंगची, तिनं टाकली."

म्हणजे जे काम करण्याचा मी फक्त दावा केला, ते ह्या माणसानं धावत्या बसमध्ये, घड्याळ बघून उरकलं होतं.

"आता चला," मामा उठले. "रेणापूर."

"दादा, कामून पण?" शुभानं विचारलं. "मला पण सांगंनात तुम्ही. नुसतं किल्ली दे, किल्ली दे!"

"चला मनलं न्हवं."

वाटेत त्यांनी लातूरच्या एका दुकानापाशी गाडी थांबवायला लावली आणि कसलीशी पुडी घेतली. पुढच्या वाटेत एकदाच शुभा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घोरलात. भर रस्त्यात." मी गिअर बदलला.

रेणापूरचं घर म्हणजे स्लॅबच्या तीन खोल्या. कुलूप उघडलं. मामांना वाकायची बंदी, म्हणून त्यांनी मला पलंगाखाली घातलं. "उजवीकडं. पेटी. ती न्हाई, मागली." धुळीनं माखून मी पेटी ओढली. आत मामींच्या लुगड्यात गुंडाळलेलं एक काळं पडलेलं पितळी भांडं होतं. एकावर एक बसणारे दोन डबे, वरच्याच्या तळाला बारीक भोकं.

शुभानं ते बघितलं आणि मटकन पलंगावर बसली. "आईचं कॉफीचं फिल्टर," ती म्हणाली.

मी उजेडात धरून तपासलं आणि तज्ज्ञ म्हणून मत दिलं, "भोकं बुजलीत. हे काही चालायचं नाही."

मामांनी माझ्या हातात चिंच ठेवली.

अर्धा तास मी चिंचेनं घासत होतो, एकेक भोक सुईनं मोकळं करत होतो. भांडं असं झळकायला लागलं की त्यात मला स्वतःचं तोंड दिसलं. ते बघण्यासारखं नव्हतं. शेजारून दूध आलं. मामांनी पुडीतली पूड वरच्या डब्यात घातली, अगदी हलक्या हातानं, उकळतं पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं. आतून आवाज यायला लागला. टप. बऱ्याच वेळानं, टप.

"फार हळू पडतंय," मी म्हणालो. "वरून जरा दाबलं तर..."

"जावईबापू, हात मागं."

मी हात मागं घेतले. आम्ही तिघं त्या डब्याभोवती बसून राहिलो.

"दादा, एवढ्या एका भांड्यासाठी उन्हातान्हात आलात?" शुभानं विचारलं. "डोळ्याला काही झालं असतं म्हणजे?"

"काय करू मंग?" मामा म्हणाले. "जावईबापू सात बार केले. लसणाची केले, भिंतीवर केले, लाईट घालवले. पर थांबंनात. आठवी बी केले असते, घर जाळले असते. तुला कॉफी पाजायची मनून." मग ते जरा थांबले. "आन मला बी कुठं ठावं व्हतं, का तू चोवीस साल च्या पितीस मनून. तुझ्या आईनं हे तुझ्यासाठीच ठिवलं व्हतं. मला सांगायचं की गं."

शुभानं पदरानं डोळे पुसले, मग माझ्याकडं बघितलं, केसांतल्या जळमटांपासून चिंचेनं माखलेल्या कोपरांपर्यंत, आणि हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला. "सात वेळा?" एवढंच म्हणायची आणि पुन्हा हसायची.

मला त्या क्षणी तिचंही कौतुक वाटलं आणि त्या म्हाताऱ्याचंही. चोवीस वर्षं एक जण शब्दानं बोलली नाही. आणि दुसऱ्याला ते कळल्यावर तो तासभरसुद्धा थांबला नाही.

(शुभाचं प्रशिक्षण संपल्यावर नांदेडला डॉक्टरांना डोळा दाखवला. ते म्हणाले, "उत्तम! घरात चांगली विश्रांती घेतलेली दिसते." शुभा माझ्याकडं बघत होती. मी डॉक्टरांच्या पंख्याकडं बघत होतो.)

कॉफीचा अर्क, म्हणजे डिकाशन, खालच्या डब्यात उतरलं. मामांनी दूध तापवून, साखर घालून, दोन भांड्यांत वरखाली करून फेस आणला. पहिला कप शुभाला. तिनं घोट घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. मामांनी आपल्या बशीत घेतला, तोंडात ठेवला आणि मान हलवली.

"हाव," ते म्हणाले. "ही."

मग माझा कप आला. महिनाभराचा अभ्यास, तीन यंत्रं, सात प्रयोग आणि दीडशे किलोमीटरची धावपळ, ह्या सगळ्यानंतर मी आयुष्यातली पहिली खरी, उत्तम कॉफी तोंडाला लावली. दोघंही बघत होते.

"कशी आहे?" शुभानं विचारलं.

"अप्रतिम!" मी म्हणालो.

मामांनी काळा चष्मा जरा खाली केला, ऑपरेशन झालेल्या नव्या डोळ्यानं माझं तोंड नीट न्याहाळलं आणि लेकीला म्हणाले, "शुभे, जावईबापूंना च्या टाक."

तिनं टाकला. डांबर होईपर्यंत उकळला. मी दोन कप प्यालो.